दीपमालाची हिरवी फाईल

दीपमाला रात्री झोपते की नाही, हे मला कळत नाही. ही एवढी एक भीती गेले सात-आठ महिने माझ्या पोटात घर करून आहे. दिवसा मी अंगणवाडीत पोरांची वजनं घेते तेव्हा ही भीती जरा गप्प असते. निजानीज झाली की उठते. मग मी मोबाईल उघडते आणि दीपमाला शेवटची कधी ऑनलाइन होती ते बघते. परवा दोन दहा. काल एक चाळीस.

एकवीस वर्षांची मुलगी उशिरापर्यंत जागते, त्यात आईने घाबरण्यासारखं काय, असं कोणीही म्हणेल. पण माझ्या धाकट्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी झोप गेली. त्याचं पुढे लिहीनच. त्याआधी माझ्या हातून जे घडतंय ते लिहिते, कारण त्याला थोडे तास उरले आहेत.

दीपमाला माझी एकुलती मुलगी. बीडला मानसशास्त्र घेऊन बी.ए. झाली. एम.ए.साठी तिने पुण्याच्या एका विद्यापीठात अर्ज केला, प्रवेश परीक्षा दिली, प्रतीक्षा यादीत चौदावी आली. अर्ज आमच्या नेकनूरमधल्या ऑनलाइन सेंटरवर भरला होता. सेंटरवाल्या सुरजने विचारलं, "नंबर कोणाचा टाकू?" आमच्याकडे मुलीच्या अर्जावर सहसा मुलीचा नंबर जात नाही. बापाचा जातो, भावाचा जातो, कोणी नसेल तर आईचा. मी म्हणाले, माझा टाक. दीपमालाने माझ्याकडे बघितलं, पण सुरजसमोर बोलली नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "आई, मेसेज आला की लगेच सांगशील ना? मी लॉगिन केलं तरी ओटीपी तुझ्याच फोनवर येणार."

"सांगीन की. लपवून काय करायचंय मला?"

गुरुवारी दुपारी मेसेज आला. जागा मिळाली आहे. शनिवारी दुपारी बारापर्यंत प्रवेश निश्चित करावा, नाहीतर जागा पुढच्या उमेदवाराला दिली जाईल. मी तो तीनदा वाचला आणि फोन पालथा ठेवला.

संध्याकाळी दीपमालाचा फोन आला. सध्या ती पाटोदा तालुक्यात, तिकडेच राहून, एका संस्थेसाठी गावोगाव फिरते. आई-बाप ऊसतोडीला गेल्यावर कोणती मुलं मागे राहणार, याची यादी करते. "आई, काही आलं का?"

"न्हाई."

आज शुक्रवारी परत विचारलं. "न्हाई आलं," मी म्हणाले. ती "बरं" म्हणाली आणि मी गुडघ्याला तेल लावते का ते विचारून तिने फोन ठेवला. मला वाटलं होतं ती चिडेल, जरा रडेल. नुसतं "बरं" म्हणाली.

ती लहानपणापासून अशीच. माणसं तिच्यापाशी येऊन बसतात आणि बोलायला लागतात. ती फार काही विचारत नाही. गल्लीतल्या बायडाबाईने आपल्या सुनेचं गाऱ्हाणं माझ्या ओट्यावर बसून दीपमालाला सांगितलं, तेव्हा ती आठवीत होती. पुढच्या आठवड्यात तीच सून येऊन बायडाबाईचं सांगून गेली. माझ्या सासूबाई, वत्सलाबाई, खाटेवरून हे सगळं बघायच्या. दीपमालाने मानसशास्त्र घेतलं तेव्हा म्हणाल्या, "डोक्याची डॉक्टर व्हणार म्हणं आमची नात. आगं, आधी माझं गुडघं बघ, डोकं अजून चांगलं हाय."

"आजी, मी डॉक्टर न्हाई होणार. गोळ्या देणारा डॉक्टर येगळा."

"मंग गोळ्या बी न्हाईत आन् सुई बी न्हाई. नुसतं बोलायचं? ते तर मी फुकट करते."

दीपमालाचे पप्पा एसटीत कंडक्टर आहेत. त्यांना हे सगळं ऐकून हसू यायचं. "शिकू दे की," ते म्हणायचे, "मांजरसुंब्याला गाडी थांबली की प्रवासी मला बी काय काय सांगत्यात. माझ्यावरच गेलीय पोरगी." ते आज मुक्कामी गाडीवर आहेत. मेसेजचं त्यांनाही मी सांगितलेलं नाही.

मी खरी घाबरले ती गेल्या हिवाळ्यात. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी दीपमाला हंगामी वसतिगृहात जायची. आमच्या भागात दिवाळीच्या सुमाराला अर्धी गावं ऊस तोडायला जातात. काही मुलं आई-बापांबरोबर फडावर जातात, काही मागे राहतात, त्यांची सोय शाळेतच करतात. तिथे आरोही नावाची आठ वर्षांची मुलगी होती. आई-बापांची गाडी गेल्यापासून ती कोणाशी बोलत नव्हती. जेवणातली अर्धी भाकरी उशीखाली ठेवायची. बाकीची पोरं तिला भाकरचोर म्हणायची.

दीपमाला तिच्याशेजारी बसायची. चिंचोके खेळायची, एकटीच. अकरा दिवस. बाराव्या दिवशी आरोहीने तिच्या हातातले चिंचोके घेतले आणि विचारलं, "तायडे, तुला बी ठिवून गेले का?"

त्या रात्री दीपमाला घरी आली आणि जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी ताट घेऊन तिच्यापुढे बसले. तिने हे सगळं मला सांगितलं, अगदी सरळ आवाजात, डोळ्यांत पाणी नाही. शेवटी म्हणाली, "आई, ती भाकरी आईसाठी ठेवत होती. फडावर आईला येळेवर जेवायला मिळत न्हाई म्हणून."

तेव्हापासून तिचा रात्रीचा दिवा उशिरापर्यंत जळायला लागला. आणि मला अभिमन्यू दिसायला लागला.

अभिमन्यू माझा भाऊ. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. गणितात हुशार, बोलायला गोड. एकोणिसाव्या वर्षी त्याची झोप गेली. रात्र रात्र अंगणात येरझारा घालायचा. मग म्हणायला लागला, विहिरीजवळ माणसं माझ्याबद्दल बोलत आहेत. विहिरीजवळ कोणी नसायचं. माझ्या वडिलांनी त्याला आधी देवाला नेलं, मग दुसऱ्या देवाला, मग एका बाबाकडे. सात महिन्यांनी दवाखान्यात नेलं. गोळ्यांनी बरं वाटलं. झोपायला लागला, हसायला लागला. आम्हाला वाटलं, झालं, बरा झाला. आईने गोळ्यांची पुडी फडताळात ठेवून दिली. दोन महिन्यांनी एका सकाळी तो मांजरसुंब्याच्या फाट्यावर कुठल्यातरी ट्रकमध्ये बसताना कोणाला तरी दिसला. त्यानंतर दिसला नाही.

त्याच वर्षी माझं लग्न ठरत होतं. आमच्यात सोयरीक जुळवताना पाहुणे एक गोष्ट हळूच विचारतात, घराण्यात कोणाला काही नाही ना. माझ्या वडिलांनी सांगितलं, मुलगा गुजरातला कंपनीत लागला. मी आतल्या खोलीत पदर सावरत ऐकत होते. पुढे हेच वाक्य मी इतक्या वेळा बोलले की मधेमधे मलाच तो कंपनीच्या कपड्यांत दिसायचा. दीपमालाच्या पप्पांना आजही तेच माहीत आहे. सासूबाईंना तेच. दीपमालालाही मी तेच सांगत आले.

म्हणून मी फोन पालथा ठेवला. बाकी कशाचीही मला भीती नव्हती, पुण्याची नाही, एकटीने राहण्याची नाही. तिच्यातही ते असेल आणि दुसऱ्यांची दुःखं ऐकता ऐकता ते जागं होईल, ही भीती होती. इथे राहिली तर माझ्या नजरेसमोर राहील, एवढंच मला कळत होतं. उद्या बारा वाजून गेले की विषय संपणार होता.

पण आज झोप येईना. फळीवर तिची हिरवी फाईल होती. महिन्यापूर्वी ती माझ्या हातात देऊन म्हणाली होती, "आई, तू मराठीची बी.ए. हायेस, एवढं शुद्धलेखन बघ. कॉलेजात खालच्या वर्गातल्या पोरींसाठी करतेय. त्यांना काही माहीतच नसतं आणि सगळं इंग्रजीत." मी "बघते" म्हणाले आणि उघडली नाही. ती उघडली की मुलगी हातातून जाईल असं वाटायचं. आज लाल पेन घेऊन बसले, हाताला काहीतरी काम म्हणून.

चाळीस-एक पानं. पहिल्या पानावर, मानसशास्त्र घेऊन पुढे काय. मानसोपचारतज्ज्ञ आधी वैद्यकीय डॉक्टर होतो, औषध तो देतो. मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही. एम.ए. झालं म्हणजे लगेच रुग्ण तपासता येतात असं नाही. त्या कामासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची (आर.सी.आय.) मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते. शाळेत समुपदेशक होता येतं, बालगृहात काम करता येतं, संशोधन करता येतं, कंपनीत माणसं निवडण्याचं काम मिळतं. चार आठवड्यांत समुपदेशक बनवतो म्हणणाऱ्याला काय विचारायचं, ते एका पानावर. मान्यता कोणाची, प्रत्यक्ष काम किती तास, कोणाच्या देखरेखीखाली. अनोळखी प्राध्यापकांना ईमेल कसा लिहायचा, त्याचा नमुना. प्रवेश परीक्षेला कोणती पुस्तकं, त्यातली बीडच्या वाचनालयात कोणती आहेत. मी दोन ठिकाणी वेलांटी दुरुस्त केली. एवढं नीट, एवढं शांत लिहिलेलं कोणी बिघडलेल्या डोक्याने लिहीत नाही, असं मनात आलं. लगेच आठवलं, अभिमन्यूची गणिताची वही शेवटच्या पानापर्यंत नीट होती.

एका पानाला तिने नाव दिलं होतं, 'ऐकणाऱ्याचं काय'. त्यात लिहिलं होतं की दुसऱ्याचं दुःख ऐकणाऱ्याला ते जड होतं. म्हणून या शिक्षणात सुपरव्हिजन असतं. आपण जे ऐकलं ते आपल्यापेक्षा अनुभवी माणसाशी ठरलेल्या वेळी बोलायचं. कुठे थांबायचं, हे शिकावं लागतं. खाली पेन्सिलीने लिहिलं होतं, "मला हे हिवाळ्यात माहीत नव्हतं. आरोहीनंतर मी दोन दिवस जेवले नाही. हे शिकायला हवं. न शिकता मी ऐकत राहीनच, कारण माणसं येतातच."

मी ते पान परत वाचलं. ती यादी करत गावोगाव फिरते आहे. प्रत्येक घरात कोणी ना कोणी तिच्यापाशी बसत असेल आणि सांगत असेल. माझ्या नजरेसमोर ठेवून मी तिला यातून वाचवत नव्हते. तिला नुसतं एकटीला ऐकायला लावत होते.

शेवटची दोन पानं, 'घरचे विचारतात ते प्रश्न'. वेड्यांच्यात राहून पोरगी वेडी होईल का. लग्नाला अडचण येईल का. नोकरी लागेल का. प्रत्येकाखाली दोन-तीन ओळींचं उत्तर. सर्वांत खाली, पेन्सिलीने:

"घरात कोणाला आजार असेल तर मलाही होईल का? आईने हे मला कधी विचारलं नाही. पण तिचा प्रश्न हाच आहे. अकरावीत असताना केसरआजीने मला अभिमन्यूमामाचा फोटो दाखवला आणि सगळं सांगितलं. आईला सांगू नको म्हणाली. उत्तर: धोका थोडा जास्त असू शकतो, होईलच असं नाही, लवकर कळलं तर उपचार आहेत. मामाच्या गोळ्या बंद करायला नको होत्या, हे तेव्हा आजीला सांगणारं कोणी नव्हतं. हे पान पोरींच्या फाईलीत ठेवायचं की काढायचं, आईला विचारणे."

केसरबाई माझी आई. चार वर्षं झाली असतील दीपमालाला हे माहीत होऊन. चार वर्षं ती माझ्या तोंडून गुजरातची कंपनी ऐकत होती आणि "बरं" म्हणत होती.

माझी भीती गेली असं मी लिहिणार नाही. तिला झोप का येत नाही, हे मला अजून माहीत नाही. मी तिला कधी विचारलंच नाही. उत्तराच्या भीतीने रोज नुसती वेळ बघत राहिले. अभिमन्यूलाही आम्ही कोणी विचारलं नव्हतं. नुसता पहारा दिला होता.

आता दोन वाजायला आले आहेत. मी मोबाईल उघडला. दीपमालाच्या नावाखाली वेळ दिसत नाही. ऑनलाइन, असं दिसतंय.

सकाळी तिच्या गावाला रेंज असेल की नसेल, सांगता येत नाही. ती गाडीत असेल, कुठल्यातरी वस्तीवर असेल, आणि बारा कधी वाजतील कळणार नाही. आत्ता ती जागी आहे आणि रेंजमध्ये आहे. आधी जागेचं सांगायचं. मेसेज गुरुवारीच आला होता, हे सांगायचं. ती लॉगिन करेल, ओटीपी माझ्याकडे येईल, तो एकेक आकडा करून नीट वाचून दाखवायचा. मग अभिमन्यूचं. मग विचारायचं, पोरी, तुला झोप कावून येत नाही. तिचे पप्पा मुक्कामाहून आले की त्यांना सांगायचं आहेच, पण ते उद्याचं.

आणि ते पान काढू नको, हेही सांगायचं आहे.

पेन खाली ठेवते. फोन लावते.