आमेनच्या आधीची वाफ

जेवणाआधी मार्था, माझी बायको, प्रार्थना करते. मी डोळे मिटल्यासारखे करून भाताची वाफ बघतो. ती तरंगत बंद खिडकीशी जाते आणि काचेवर धुकं होऊन बसते. पलीकडे धाकट्या भावाचं, याकोबचं, स्वयंपाकघर आहे. आईच्या दफनाला तो उशिरा पोहोचला, तेव्हापासून मी त्याच्याशी बोलत नाही. खिडकीही मीच लावून घेतली.

"प्रभू, याकोबभाऊजींच्या ताटावरही तुझा आशीर्वाद असू दे," मार्था रोज म्हणते. नेमका तेव्हा मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावतो, म्हणजे आमेन म्हणावं लागत नाही. चर्चमध्ये मात्र क्षमेच्या प्रार्थनेत माझाच आवाज मोठा असतो.

आज काचेवरचं धुकं बघताना वाटलं, पलीकडेही भात वाढला असेल, त्याची वाफही अशीच इकडे यायला बघत असेल. दोन्हींच्या मध्ये माझी एवढीशी काच.

"आमेन," मी म्हणालो.

मार्थाने एक डोळा उघडला. "घसा मोकळा झाला वाटतं! मग मलाच काय ऐकवताय?"

कडी गंजली होती. दोन्ही हातांनी ओढली तेव्हा कुठे खिडकी उघडली.

"याकोब, जेवलास का रे?"

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला.