सासूबाईंनी पाहिलेले विमान

सासूबाईंचा ताप उतरला होता, तरी त्या आमच्यात राहतील अशी खात्री मला वाटत नव्हती. लिहिण्याची मला सवय नाही. शाळेत असताना निबंध बरे जमत. त्यानंतरचे माझे सारे लेखन म्हणजे माहेरी पाठवलेली पत्रे. उतारवयात हे धाडस करताना बिचकायला होते. शिवाय देवाविषयी लिहिण्याचा अधिकार मला कितपत आहे, हाही प्रश्नच आहे. त्या काळात माझी भक्ती म्हणजे घरच्या रीतीप्रमाणे देव्हाऱ्यात दोन फुले वाहणे, एवढीच होती.

पन्नास सालानंतरच्या दशकातली ही गोष्ट. आकुर्डी तेव्हा शेतांनी वेढलेले लहानसे गाव होते. मी पुण्यात मॅट्रिकपर्यंत शिकून इथल्या शेतकरी घरात सून म्हणून आले होते. पिंपरीला औषधांचा कारखाना नुकताच सुरू झाला होता आणि आमच्या यांना तिथे खोकी भरण्याच्या खात्यात नोकरी लागली होती. सासरे पूर्वीच वारलेले. घरात आम्ही तिघेच. त्या हिवाळ्यात सासूबाईंना न्यूमोनियाने गाठले. चिंचवडच्या डॉक्टरांनी पेनिसिलीनची इंजेक्शने सुरू केली. रोज सकाळी त्यांचा कंपाउंडर सायकलवरून येई, माझ्या चुलीवर सुई उकळून घेई आणि सासूबाई तोंड भिंतीकडे फिरवून दंड त्याच्यापुढे धरीत. ताप उतरला, पण डॉक्टरांनी आम्हा दोघांना बजावून सांगितले होते, की बरे वाटले तरी सुया पुऱ्या झाल्याच पाहिजेत. मध्येच सोडल्या आणि दुखणे उलटले, तर या वयात ते आवरता येणार नाही.

एके दिवशी दिवेलागणीनंतर सासूबाईंनी ओसरीवर बसण्याचा हट्ट धरला. आत जीव गुदमरतो म्हणाल्या. पाठीशी उशी आणि अंगावर दोन घोंगड्या देऊन मी त्यांना बसवले. अंधार नुकताच दाटला होता. समोर, घोराडेश्वराच्या डोंगराच्या अंगाला, आकाशात एक दिवा दिसला. मग त्याच्या शेजारी दुसरा, आणि जरा वर तिसरा. ते ताऱ्यांसारखे लुकलुकत नव्हते आणि उल्केसारखे निखळतही नव्हते. पिवळसर, शांत असे ते दिवे अधांतरी थांबले, मग किंचित झोके घेत, अगदी सावकाश खाली येऊ लागले. इतके सुंदर काही मी त्याआधी पाहिले नव्हते.

तेवढ्यात हे बैलांना वैरण घालून गोठ्यातून आले. सासूबाईंनी विचारले, "काय रं ते?"

यांनी मान वर करून पाहिले आणि म्हणाले, "इमान हाय आई. दुसरं काय!" आणि पाय धुवायला निघून गेले.

विमानाला आमच्या गावात इमान म्हणत. देहूरोडला लष्कराची छावणी; तिकडचे एखादे विमान दिवे सोडत असेल, एवढेच यांना म्हणायचे होते. पण देहूच्या परिसरात सारा जन्म गेलेल्या, कीर्तन ऐकतच म्हातारी झालेल्या बाईला इमान एकच ठाऊक होते. ते वैकुंठाहून येते आणि भक्ताला घेऊन जाते. सासूबाईंनी घोंगडीतून हात बाहेर काढून जोडले. "आलं गं बाई," असे त्या हलकेच पुटपुटल्या. एकेक करून दिवे डोंगरामागे विझले. मी त्यांना आत नेऊन निजवले, तेव्हा त्यांचा चेहरा इतका निवांत होता की मला बरे वाटले.

सकाळी कंपाउंडर आला, सुई उकळली, आणि सासूबाईंनी दंड घोंगडीखाली घट्ट धरला.

"आता सुई नगं. दाराशी इमान आल्यावर औषध घेत्यात व्हय?"

कंपाउंडर हसला. "आजी, इमानाचं तिकीट काढलं का?"

"तिकीट लागायला ती काय तुजी सायकल हाय?"

"सायकलला कुठं तिकीट असतं, आजी?"

"मग जा तिच्यावर बसून."

त्याने खूप विनवण्या केल्या. पण त्या ढळल्या नाहीत. रावेतला आणखी एक रुग्ण आहे, तिकडून परतताना पुन्हा येतो, तोवर समजूत काढा, असे मला सांगून तो गेला. हे कामावर जायला निघाले होते, ते थांबले. आईच्या पायाशी बसून म्हणाले, "आई, ते लष्कराचं इमान गं! मी उगा बोलून गेलो."

"लष्कराचं असंल. देवाकडं काय लष्कर न्हाई?"

कारखान्यातली पाळी चुकवणे यांना शक्य नव्हते. "तू बघ काहीतरी," असे मला म्हणून डोळे पुसतच ते बाहेर पडले.

मग मी माझी सारी विद्या पणाला लावली. लष्कराचे लोक छत्रीला बांधलेले दिवे विमानातून सोडतात, ते असेच हेलकावत खाली येतात, हे सांगितले. शुक्र पश्चिमेला मावळताना हवेच्या थरांमुळे मोठा आणि हलता दिसतो, हेही सांगितले. डोंगरावरच्या देवळात कुणी मशाली घेऊन चढले असेल आणि अंधारात डोंगर न दिसल्याने त्या आकाशात तरंगताना दिसल्या असतील, असेही सुचवले. बोलताना माझे मलाच जाणवत होते, की एक कारण दुसऱ्याला खोडून काढते आहे. शुक्र एकच असतो, दिवे तीन होते. विमानाची घरघर यांना ऐकू आली होती, मला आली नव्हती.

सासूबाईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तू शिकलेली हायस. तुजं खरंच असंल. पर तुजं ऐकून मी ऱ्हायले, आन् ते माज्यासाटी तिकडं खोळंबून बसलं, तर? देवाला ताटकळत ठिवू का गं मी?"

तेव्हा कुठे मला कळले, की त्यांना मरणाची ओढ लागलेली नव्हती. दारी आलेल्याला थांबवून ठेवणे त्यांच्या जन्मात कधी घडले नव्हते, आणि इथे तर साक्षात देव होता. या संकोचापुढे माझे शुक्र आणि हवेचे थर काय कामाचे? मी उठून देव्हाऱ्यासमोर जाऊन बसले. मागणे कसे मागतात हेही मला धड ठाऊक नव्हते. "माझे सांगून झाले. आता सासूबाईंना काय सांगायचे ते तूच सांग," एवढेच मनात म्हणाले आणि तशीच बसून राहिले.

किती वेळ गेला कोण जाणे. अंगणातून हाक आली, "सुया घ्या, दाभण घ्या, पोत घ्या!"

सुया-पोत विकणाऱ्या बायका गावात येत. पण ही मी पूर्वी कधी पाहिलेली नव्हती. उंच, काळीसावळी, डोक्यावर टोपली. मी "आज काही नको" म्हणणार, तोच आतून सासूबाई क्षीण आवाजात म्हणाल्या, "सुयांचं नाव नगं बाई या घरात."

बाई हसत थेट उंबऱ्याशी येऊन टेकली. "का गं आये? टोचली व्हय?"

सासूबाईंनी तिला सारे सांगितले. दिवे, इमान, हात जोडले तेही. बाईने मान डोलावली. "आमी बी बघितलं की! नदीकाठाला पालं हायती आमची. समदी पोरंसोरं भाईर येऊन बघत हुती."

"मग? खरंच हुतं ना?"

"खरंच हुतं. पर आये, गेलं न्हवं ते?"

"गेलं. डोंगराच्या मागं."

"कुणाला घिऊन गेलं?"

सासूबाई घोंगडीची कड चाचपू लागल्या.

"तुला न्यायचं आसतं तर रिकामं कशाला गेलं आसतं? आन् खोळंबलं कुटं? देव काय आपल्यावानी दाराशी बसून ऱ्हातो? बघून गेला त्यो, म्हातारी बरी हाय का म्हून. तू बरी हो, म्हंजी त्याचा हेलपाटा वाया न्हाई जायचा."

सासूबाईंच्या ओठांवर लाजल्यासारखे हसू आले. "मला वाटलं, माज्यासाटीच थांबलंय."

"येवड्या मुलखात तुजंच नाव ठावं हाय व्हय त्याला?" बाई म्हणाली आणि दोघी खळखळून हसल्या. सासूबाईंना हसता हसता खोकला आला. मी पाणी आणायला आत वळले, तेव्हा रस्त्यावर सायकलची घंटी वाजली. कंपाउंडर आला. मी पुन्हा सुई उकळली. सासूबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवले आणि दंड पुढे केला. या गडबडीत ती बाई कधी उठून गेली ते मला समजले नाही; मी तिला पाणीसुद्धा विचारले नव्हते.

नंतर यांनी कारखान्यात चौकशी केली. कुणी लष्कराचा सराव म्हणाले, कुणी उल्का म्हणाले. छावणीत काम करणाऱ्या एकाने मात्र त्या संध्याकाळी सराव नव्हताच असे सांगितले. बहुधा ते छत्रीचे दिवेच असावेत, असे माझे मत आजही आहे. त्याने माझ्या श्रद्धेला बाध येत नाही. आकाशात काय होते हे मला ठाऊक नाही. माझे शब्द संपले, तेव्हा अंगणात कोण आले, हे मात्र मी डोळ्यांनी पाहिले आहे. शरण जाणे म्हणजे बुद्धी गुंडाळून ठेवणे, अशी माझी पूर्वी समजूत होती. आता वाटते, बुद्धीला जे करता येते ते सगळे करून झाल्यावर, रिकाम्या हातांनी तिथेच बसून राहणे, याला कदाचित शरण जाणे म्हणत असावेत.

सुई घेतली त्या दिवशी संध्याकाळी सासूबाईंनी आपणहून भाताची पेज मागितली. पहिला घोट घेऊन त्यांनी तोंड वाकडे केले आणि म्हणाल्या, "मीठ घातलंयस का न्हाई यात?" मी मीठ आणायला उठले, आणि चुलीपाशी पोहोचेपर्यंत डोळ्यांना पदर लावावा लागला. त्या चिमूटभर मिठासाठी मी देवाची आजन्म ऋणी आहे.