हूं म्हणणाऱ्या बाया
तुरीच्या शेंगा उकडल्याचा वास आला की मला मानोऱ्याकडच्या एका गावातलं समाजमंदिर आठवतं. अंगणवाडीच्या बायांना गोष्ट कशी सांगावी ते शिकवायला मी गेले होते. मनाविषयी लेख लिहिणारी, घरातली पहिली ग्रॅज्युएट, त्यामुळे थोडा तोरा होताच. मी सुरुवातीलाच बजावलं, कोणी बोलत असताना मध्ये आवाज काढायचा नाही. बायांनी समोरच्या परातीतल्या उकडलेल्या शेंगा सोलणंसुद्धा थांबवलं. नवरा गेल्यापासून कोणाशी फारशी न बोलणारी एक मदतनीस स्वतःहून उठली आणि त्याचा शेवटचा दिवस सांगू लागली. चार वाक्यं झाली आणि ती थांबली. "माहं काही चुकलं का मॅडम? कोनीच हूं नाही म्हनून राह्यलं." मला काही कळेना. तेव्हा त्यांच्यातली सगळ्यात जुनी सेविका म्हणाली, "तुमी लय शिकेल असान बाई, पन हूं म्हटल्याबिगर गोष्ट पुढं जाते का? कायले या बायाइचं तोंड बांधलं?" मी ओशाळले, आणि मीच पहिलं हूं म्हटलं. मग सगळ्या म्हणू लागल्या, आणि ती दवाखान्यापासून एकटीनं घरी परतण्यापर्यंत सगळं सांगून, डोळे पुसून खाली बसली. त्या दिवसापासून मी प्रत्येक लेख आधी आईला वाचून दाखवते. तिला अक्षरओळख नाही. ती हूं म्हणायची थांबली की मी तिथलं खोडते.