थांबा म्हणायला शिकवताना

पेणच्या कॉलेजात व्होकेशनलच्या मुलांना इलेक्ट्रिकल शिकवणारी स्पृहा टिपणीस हमरापूरच्या एका मूर्तिशाळेत गणपती बुक करायला गेली आणि दारातच थबकली. मूर्तीला रंग देत बसलेला पोरगा तिचाच विद्यार्थी होता, हर्षद. त्याला तिनेच रोह्याच्या एका केमिकल कंपनीत चिकटवलं होतं.

"अरे, तू इथं कसा?"

"सोडली कंपनी, मॅडम." त्याने ब्रश खाली ठेवला. "मोटरीचं काम करत होतो. लाइन बंद हाय बोलले, मधेच कोणीतरी चालू केली. हात वाचला, पण आता पॅनल उघडायला धजत नाय."

"स्विचला कुलूप लावून किल्ली आपल्या खिशात ठेवायची, हे शिकवलं होतं ना मी?"

"व्हय. पण साहेब डोक्यावर उभे होते. त्यांना थांबा कसं बोलायचं?"

घरी आली तरी स्पृहाच्या डोक्यातून तो प्रश्न जाईना. इतकी वर्षं शिकवत होती, पण कंपनी तिने पाहिली होती ती मुलांची सहल नेली तेवढीच. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने त्याच कंपनीच्या मेंटेनन्समध्ये शिकाऊ म्हणून जायचं ठरवलं.

"हे काय नवीन खूळ?" आई, वत्सलाबाई म्हणाल्या. त्याही निवृत्त शिक्षिका. "शिकवायचं काम तुझं. पुढचं कंपनी बघेल."

"तेच तर कोणी बघत नाही, आई."

कंपनीत वासाने डोकं धरायचं, हेल्मेटखाली घाम निथळायचा आणि प्रत्येकाला घाई. एका दुपारी पंप अडला. फोरमन जितेश ओरडला, "बंद हाय, करा पटकन!" स्पृहाने पॅनल उघडून हात घातला. काम झालं, पंप चालू झाला. जेवायला बसल्यावर तिच्या ध्यानात आलं, की कुलूप लावलं नव्हतं, आणि तिने विचारलंही नव्हतं. तिने डबा तसाच बंद केला. आपलीच जीभ रेटली नाही, तर पोरांचं काय?

जूनपासून तिचा वर्ग बदलला. ती फोरमन व्हायची, खेकसायची, घड्याळ दाखवायची. समोरच्याने फक्त थांबवायचं. कासू गावाहून येणारी अपेक्षा नावाची मुलगी पहिल्यांदा हसतच सुटली. मॅडमना नाय म्हणायचं म्हणजे काय! मग तिला रडू आलं, मग रागही आला. शेवटी ती ठणकावून बोलली, "थांबा साहेब. कुलूप लावल्याबिगर मी हात लावणार नाय."

कोर्स संपल्यावर अपेक्षा त्याच कंपनीत लागली. थोड्याच दिवसांत तिचा फोन आला.

"मॅडम, मी थांबा बोलले. साहेबांनी मला पॅकिंगला टाकलंय. माझं चुकलं काय?"

"नाही चुकलं." स्पृहा म्हणाली खरं, पण फोन ठेवताच तिलाच खात्री वाटेना. पोरीचं काम आपल्या शिकवण्यापायी गेलं की काय? तिने तडक रोह्याची एसटी पकडली.

गेटवर जितेश भेटला. "पोरगी बरोबर हाय, मॅडम," तो इकडेतिकडे बघत म्हणाला. "पण प्लांट थांबला, साहेबांवर वरून ओरडा पडला."

"मग हे वर कोण सांगणार? ती?"

जितेशने हेल्मेट डोक्यावर चढवलं. मग म्हणाला, "बघतो."

त्याने खरंच बघितलं. सेफ्टीच्या बैठकीत त्याने विषय काढला, साहेबांच्या तोंडावर. साहेब चांगलेच उखडले, पण पुढल्या महिन्यात अपेक्षा मेंटेनन्सला परतली. स्विचपाशी कुलपांची पेटीही टांगली गेली.

पेणला नवीन वर्ग भरला. स्पृहा पुन्हा खेकसते, मुलं पुन्हा हसतात. शिकवता शिकवता मोबाइल थरथरला की तिचा खडू थांबतो. कंपनीत लागलेल्या कुठल्या पोराचा फोन तर नाही ना, हे नाव वाचून बघितल्याशिवाय तिच्याने पुढची ओळ लिहवत नाही.