काकूंचा कब्जा

प्रमिलाकाकूंनी माझा लॅपटॉप पोळपाटावर उताणा टाकला आणि देवाचं नाव घेऊन ड्रिलने त्याला आरपार भोक पाडलं, तेव्हा माझ्या तोंडून किंकाळीच फुटली.

‘वरडू नको व बाई,’ त्या म्हणाल्या, ‘मेलेलाच हाये तो. मेलेल्याले काय दुखते?’

मी तेव्हा सावंगीच्या मेडिकल कॉलेजात ग्रंथपाल म्हणून नवीनच लागले होते आणि काकूंच्या माडीवर भाड्याने राहत होते. काकूंच्या यजमानांचं हार्डवेअरचं दुकान होतं. ते गेले, दुकान मिटलं, आणि उरलेले स्क्रू, नट, तेलाच्या बाटल्या काकूंच्या स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्यांशेजारी येऊन बसल्या. शिकाऊ डॉक्टरांचे लॅपटॉप धसमुसळेपणाने मोडायचे, तेही नेमके झाकणाच्या बिजागरीत. दुकानवाले म्हणायचे, अख्खं झाकण बदला. मग ती मंडळी काकूंकडे यायची. काकू बिजागरीला कब्जा म्हणत, तिकडे सगळेच म्हणतात. मी सांगलीची, माझ्या कानांना कब्जा म्हणजे फक्त घराजमिनीचा. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, ‘तुह्यावाला कब्जा गेला,’ तर मला वाटलं, खोलीच रिकामी करायला सांगताहेत!

काम करताना त्यांचं तोंड सतत चाले. ‘कब्ज्याले दोन पानं असते. एक इकडचं, एक तिकडचं. लय आवळून धरलं का मंधातलं पिलास्टिक मरते. आंदी ढिलं कर, मंग जोड.’ तसंच त्या करत. नट सैल करायच्या, शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडायच्या, तुटक्या प्लास्टिकवर नळाच्या सांध्याला लावतात तो मसाला थापायच्या आणि आरपार बोल्ट ठोकून मोकळ्या. माझ्या लॅपटॉपच्या पाठीवर दोन बोल्ट टिकल्यांसारखे चमकू लागले. कॉलेजात लोक हसले, पण झाकण पुन्हा म्हणून निखळलं नाही.

काकूंच्या जिवाला खरा घोर होता तो घराचा. घर सासऱ्यांच्या नावावर. धाकटे दीर वसंतराव आष्टीहून दर रविवारी येत, चहा पीत आणि एकच पालुपद लावत. ‘एकटी बाई, तुमाले एवढ्या खोल्या काऊन पायजे? हिंगणीले भावाकडं जा ना.’ ज्या घरात लग्न होऊन आल्या, त्यातून त्यांना बाहेर काढायचा डाव सरळ दिसत होता. मला वसंतरावांचा असा संताप येई की बशी त्यांच्या पुढ्यात आपटावीशी वाटे.

अशाच एका रविवारी वसंतराव पुढच्या खोलीत बसलेले असताना आदल्या दिवशी लॅपटॉपचा सुटा कब्जा काकूंकडे ठेवून गेलेला एक विद्यार्थी फाटकातून ओरडला, ‘काकू, कब्जा तुमच्यापाशीच ठेवा! कोणालेच देऊ नका! संध्याकाळी मी सारे पोरं घेऊन येतो!’ आणि मोटारसायकलला किक मारून गेलासुद्धा.

वसंतराव पांढरेफटक पडले. मनात घर, म्हणून कानातही घरच. ‘वयनी,’ ते चाचरत म्हणाले, ‘हे पोरं कोण? तुमी गुंडं आणले काय?’

मला हसू आवरेना. मग एकदम लक्षात आलं, हा माणूस घाबरलाय! काकू नुसत्या गप्प बसल्या तरी घर वाचतंय! मी डोळे वटारून त्यांना खुणा करू लागले. पण काकू कसल्या ऐकतात!

‘अवो भाऊजी, लॅपटॉपच्या कब्ज्याचं बोलून राह्यला तो. घराचं नाई.’

मी थक्क. वर पुढे म्हणतात कशा, ‘घराचा कब्जा बी दोन पानाचाच असते. पुढच्या खोल्या तुमी घ्या, मागच्या मले राहू द्या. मंधात दार मीच बसवीन.’

वसंतराव भांडायला आले होते. आता कशावर भांडणार? त्यांनी चहा तसाच ठेवला. ते गेल्यावर मी काकूंवर तुटून पडले. ‘गप्प राहिला असतात तर काय बिघडलं असतं?’

‘खोट्या कब्ज्यावर दार टिकते का व बाई? आपल्याच आंगावर पडते.’

खरंच काकूंनी स्वतः दार बसवलं. पुढच्या खोल्यांत वसंतरावांचा संसार आला. दाराला त्या बाजूने कडी नव्हती, या बाजूनेही नव्हती. मी चिडून विचारलं, ‘कडी काऊन नाई?’ त्यांचीच भाषा माझ्या तोंडी आली होती. त्या म्हणाल्या, ‘कडी लावाची असती त भितच नसती बांधली?’

हळूहळू त्या दारातून भाजीच्या वाट्या इकडून तिकडे जाऊ लागल्या. मग माझी नोकरी बदलली. काही वर्षांनी काकू गेल्याचा फोन आला. इतकी चालतीबोलती बाई, माझा विश्वासच बसेना. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. माणसं अंगणात बसली होती. एक पाहुणा वसंतरावांजवळ सरकून हळूच म्हणाला, ‘चला, आता पूर्ण कब्जा तुमचाच.’

वसंतराव उठले. मला वाटलं, आता हे मागच्या खोल्यांना कुलूप घालणार. ते स्वयंपाकघरात गेले, काकूंची तेलाची बाटली घेऊन आले आणि मधल्या दाराच्या कब्ज्यात तेल सोडू लागले. तेल भिंतीवरून ओघळलं तरी ते सोडतच राहिले.

‘दोन पानाचा असते बापा,’ ते म्हणाले आणि दाराला कपाळ लावून लहान पोरासारखे रडू लागले. ‘आता एकच राह्यलं.’