तेरा आकडा आणि हजारपटीची धास्ती

मामाच्या छातीत सकाळी दुखायला लागलं. आदल्या दिवशी वाडीतले नारळ त्याने पोत्यात भरून एकट्याने उचलले होते, पण ते तेव्हा कोणाला आठवतंय! मामी आणि मामेभावाने त्याला रिक्षात घालून मुरुडहून तालुक्यापलीकडच्या हॉस्पिटलात नेलं. मी तिथे पोचले तेव्हा तो पलंगावर बसून चहा मागत होता.

ईसीजी ठीक होता. हृदयाला इजा झाली की रक्तात एक प्रथिन वाढतं, त्याची तपासणी केली होती. आकडा आला ०.०१२. डॉक्टर म्हणाले, "हा चांगला आहे, पण काही तासांनी परत बघू." दुपारी तिथलं मशीन बंद पडलं, म्हणून दुसरं रक्त बाहेरच्या लॅबमध्ये गेलं. रिपोर्ट मामेभावाच्या मोबाइलवर आला. त्याने तो बघितला आणि त्याचा चेहरा उतरला.

"ताई, तेरा! सकाळी शून्य पॉइंट शून्य बारा, आता तेरा. हजारपट झालं गं!"

मामीने मामाचे कपडे पिशवीत भरायला घेतले. भावाने तोवर अँब्युलन्सवाल्याला फोन लावला होता. मांडव्याला नेऊ, संध्याकाळची बोट मिळेल, मुंबईत उतरवू, असं त्याचं ठरूनही गेलं होतं.

"मोबाइल दे इकडे," मी म्हटलं.

मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. मिली, मायक्रो, नॅनो, पिको हा धडा दरवर्षी फळ्यावर लिहिते आणि दरवर्षी मागच्या बाकावरून कोणीतरी जांभई देतं. मी आकडा बघितलाच नाही, आधी त्याच्या शेजारची बारीक अक्षरं बघितली. सकाळच्या कागदावर होतं नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. मोबाइलवर होतं नॅनोग्रॅम प्रति लिटर.

"अँब्युलन्स थांबव. हे एका लिटरमागे आहे, सकाळचं एका मिलिलिटरमागे. लिटरमध्ये हजार मिलिलिटर. सकाळच्या आकड्याला हजाराने गूण."

त्याने ओठ हलवत हिशेब केला. "बारा?"

"बारा. आणि आता तेरा."

"पक्कं? दशांश चुकला तर?"

त्याचं विचारणं रास्त होतं, म्हणून मी उलट्या बाजूने पडताळलं. एका नॅनोग्रॅममध्ये हजार पिकोग्रॅम असतात. सकाळचे ०.०१२ नॅनोग्रॅम म्हणजे प्रत्येक मिलिलिटरमध्ये बारा पिकोग्रॅम. दुपारचे तेरा नॅनोग्रॅम हजार मिलिलिटरमध्ये वाटले, तर प्रत्येकात तेरा पिकोग्रॅम. कुठूनही गेलं तरी तेच उत्तर. माझ्या मनात शंका उरली नाही.

मामा पलंगावर सरसावून बसला. तो म्हणाला, "पोरी, ते लिटर ऱ्हाऊ दे. मी बरा हाय का न्हाय, तेवढं सांग."

"आकडा हजारपट वाढलेला नाही, एवढं मी सांगते. बाकीचं डॉक्टर सांगतील."

भावाला घेऊन मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले आणि मान डोलावली. "मॅडम, बरोबर आहे. मशीन वेगळी आहेत, त्यामुळे बारा आणि तेराची तंतोतंत तुलना मी करणार नाही. पण दोन्ही आपापल्या मर्यादेत आहेत. आज इथेच ठेवू, सकाळी आपल्याच मशीनवर पुन्हा बघू." मुंबईला न्यायची गरज नाही, हे त्यांनी भावाला वेगळं समजावलं.

सकाळी मशीन चालू झालं. पुन्हा ०.०१२. डॉक्टरांनी छातीच्या स्नायूवर, खांद्याजवळ दाबलं तसा मामा ओरडला. तेव्हा कुठे नारळांच्या पोत्याचा विषय निघाला, आणि मामीने सगळ्या वॉर्डासमोर त्याला जे काही सुनावलं त्याला तोड नाही.

मधल्या काळात भावाने "हजारपट" हा शब्द घरच्या ग्रुपवर टाकून ठेवला होता. मुंबईच्या दोन्ही मावश्या रडत होत्या. मी शांतपणे सगळं गणित, एकक बदलण्याच्या पायऱ्यांसकट, लिहून पाठवलं. थोड्या वेळाने मोठ्या मावशीचं उत्तर आलं : "म्हणजे वाढलं की कमी झालं?"

मी तिला फोन लावला आणि तो मामाच्या हातात दिला.