मामांना गप्प बसवलं ते मी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, आमच्या गटातल्या पोरापोरींना नाही — आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं, त्या भानुदासमामांना तर नाहीच. तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही समोर बसलेले नाही, म्हणून असेल.

मी चळवळीची पत्रकं वाचत मोठी झाले. आमच्या घरात भिंतीला रंग नव्हता, पत्रकं होती. त्यामुळं वडीगोद्रीत हायवेवरच्या मामांच्या हॉटेलात पाणी पिऊन माणसं आजारी पडली, तेव्हा मी काय केलं असेल? आरोग्य न्यायाधिकरणाकडं तक्रार केली आणि पत्रक काढलं. न्यायाधिकरण कुणालाही बोलावू शकतं, शपथेवर विचारू शकतं, हॉटेल बंद करू शकतं — सगळं ठळक अक्षरात. समोरच्याचं ऐकल्याशिवाय त्याला निकाल देता येत नाही, हे मात्र गाळलं. जागा पुरली नाही, असं मी सांगत होते. जागा होती. तिथं मी घोषणा टाकली होती.

पण कबुली ही नाही. ती पुढं आहे.

मामा म्हणजे — कसं सांगू — त्यांच्या गप्पांत एसटीचा कंडक्टर घंटी मारायला विसरायचा. नोटीस आली तशी ते माझ्याच दारात आले. तक्रार माझी, आणि सल्लाही मलाच विचारायचा. गावात कायदा हिलाच कळतो, असा त्यांचा पक्का समज.

"माय, टाकीत पाणी टँकरचं. तोच टँकर सगळ्या हॉटेलांना येतो. हे सांगू देतेत का तिथं?"

"न्हाई मामा. तिथं बोललं की अजून बिघडतं. गप्प बसायचं."

"बिलकुल?"

"बिलकुल."

"मंग मला कशाला बोलवून राह्यले? तोंड बघायला?"

ते हसले. मीही हसले.

मला नियम पाठ होता. पण मामा बोलले असते तर अख्खं न्यायाधिकरण हसलं असतं, टँकरची चौकशी लागली असती, प्रकरण लांबलं असतं — आणि माझ्या विजयाचं काय? तत्त्वासाठी लढत होते ना मी?

जालन्यात सुनावणीला अध्यक्षबाईंनी विचारलं, तुम्हाला काही म्हणायचंय का? मामांनी नाही म्हणून मान हलवली. बाईंनी पुन्हा विचारलं, अगदी समजावून. मामांनी माझ्याकडं बघितलं, ओठांवर बोट ठेवलं आणि गालातल्या गालात हसले — बघ, कसा शहाण्यासारखा बसलो. न्यायाधिकरणानं आपलं कर्तव्य केलं. मी दोन खुर्च्या सोडून बसले होते. उठले का? नाही.

हॉटेल बंद झालं. आम्ही पेढे वाटले. टँकर बाकीच्या हॉटेलांना येतच राहिला आणि माणसं आजारी पडत राहिली.

मामांनी हॉटेल पुढं पुन्हा उघडलं. परवा जालन्यातल्या मस्तगडचा एक मिठाईवाला माझ्याकडं आला, त्यालाही नोटीस आल्ती. "भानुदासमामांनी धाडलं. म्हणले, पोरगी बराबर सांगते."

त्याला मी बराबर सांगितलं — तिथं विचारतात, सगळं बोला. तो खूश होऊन गेला. मामांकडं जायला मी चपला घातल्या होत्या. पुन्हा काढून ठेवल्या.